तिरक्या बुडाची मोगरी

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

वाकून नमस्कार केला असं समजून घ्या. खरंच वाकले तर परत सरळ करायला माणूस बोलवावा लागेल. चार दिवस संग्रहालयाच्या तळघरात खोकी उचलतेय. फोन केला असता, पण तुम्हाला ऐकू येत नाही आणि येत नाही हे तुम्ही कबूल करत नाही, म्हणून पत्र.

मे महिन्यात आमच्याकडे नवं दालन उघडतंय. लढायच्या जुन्या कलांमधली हत्यारं, आणि ती मुळात कुठल्या रोजच्या अवजारांतून आली, असा विषय आहे. प्रत्येक वस्तूखाली पन्नास शब्दांचं कार्ड लागणार आणि ती कार्डं लिहिणार तुमची भाची. मला विळा माहीत आहे तो चित्रातला. तुम्ही जन्मभर अवजारांना दांडे बसवलेत, तेव्हा जरा शिकवा.

माझ्या टेबलावर सध्या एक विळा, एक होडीचं वल्हं आणि जात्याच्या खुंट्यासारखी आडवी मूठ असलेली काठी आहे. शिवाय एक वस्तू आमच्या संचालकांना फारच आवडली आहे. हातभर लांबीच्या दोन काठ्या, मधे कातड्याची वादी. आम्ही तिला जोडकाठी म्हणतो. न्यायालयाच्या जुन्या कोठीतून आमच्याकडे आली. चिठ्ठीवर फक्त 'मुद्देमाल क्र. ३, आरोपीच्या घरातून जप्त' एवढंच आहे. फोटो सोबत जोडलाय.

आई बरी आहे. निवृत्त झाली तरी शेजारच्या पोरांचं शुद्धलेखन तपासत असते. तुमची ती तिरक्या बुडाची मोगरी, तो लाकडी हातोडा, अजून आहे का? लहानपणी मी ती दांड्यावर उभी करायला बघायचे आणि ती दरवेळी आडवी व्हायची.

तुमची,
टाचणी


११ फेब्रुवारी

टाचणे,

आशीर्वाद आहेतच, ते काय लिहायचे. पाठीला शेक दे आणि खोकी गुडघ्यात वाकून उचल, कमरेत नको. इतकी शिकलीस आणि एवढं कळत नाही?

आता तुझी कार्डं. पहिली गोष्ट, सगळ्यांनी म्हणून ठेवलंय की कुण्या राजाने तलवारी काढून घेतल्या म्हणून शेतकरी विळा घेऊन लढायला शिकला. असेलही. मला विचारशील तर त्या कहाण्या बऱ्याचशा शिकवणाऱ्या उस्तादांनी रंगवलेल्या. माणूस चिडला की हातात जे असेल ते उचलतो, त्याला राजा लागत नाही. रोज जे हातात असतं तेच भांडणाच्या दिवशीही असतं, एवढं लिहिलंस तरी पुरे.

विळ्याची मूठ बघ. कापणीच्या विळ्याची मूठ एकाच बाजूने झिजते, कारण अंगठा तिथेच बसतो. लढायला केलेल्या विळ्याची मूठ चारी बाजूंनी सारखी झिजते, तो फिरवला जातो ना. वल्ह्याचं पातं पाण्याने टोकाला भुसभुशीत व्हायला हवं. नसेल तर ते वल्हं कधी पाण्यात गेलेलं नाही, कुणीतरी मिरवायला केलंय. आडव्या मुठीच्या काठीचं म्हणशील तर जात्याचा खुंटा पिठाने गुळगुळीत होतो, घामाने नव्हे. दोन्हींत फरक आहे, बोट लावलं की कळतो.

दोन काठ्यांचं मला काही कळत नाही. फोटो नीट आला नाही. तसली वस्तू कोठीत पडलेली होती ना, मग पडू दे. सगळंच काचेत मांडायला पाहिजे असं नाही.

मोगरी आहे. रोज वापरतो.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

विळा कापणीचाच निघाला! अंगठ्याची खाच इतकी स्पष्ट की मी आठ वर्षं रोज बघत होते आणि मला दिसली नव्हती. वल्हं मात्र मिरवायचं आहे. संचालकांना ते ऐकून नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ते त्यांनीच विकत घेतलं होतं.

जोडकाठी बाहेर ठेवता येणार नाही. ती तर भित्तिपत्रकावर येतेय. परवा एक प्रशिक्षक आले होते, काळा पट्टा वगैरे. त्यांनी ती (हातमोजे घालून) दोनदा फिरवली आणि म्हणाले, शंभर टक्के हत्यार. झोडपायच्या अवजाराचा धरायचा दांडा लांब असतो आणि आपटायचा तुकडा छोटा. इथे दोन्ही काठ्या सारख्या, केसाचाही फरक नाही. कुणीतरी मुद्दाम मापात बसवलंय.

न्यायाधीशही तेच म्हणाले होते. निकालपत्राचं मधलं एकच पान सापडलं, नावांची पानं उंदरांनी खाल्ली. त्यात लिहिलंय की दोन्ही काठ्या समान लांबीच्या असल्याने शेतीकामास निरुपयोगी, एका टोकास रक्त, आणि आरोपीने ती माळ्यावर भुशाच्या पोत्यात लपवली होती. शेजाऱ्याचं डोकं फोडल्याबद्दल तीन वर्षं. डाग अजून दिसतो, काळसर.

मी कार्ड लिहून टाकलं: 'शेतीच्या अवजारापासून हेतुपुरस्सर बनवलेलं हत्यार.' कसं वाटतं?

टाचणी


२ मार्च

टाचणे,

वाईट वाटतं. ते 'हेतुपुरस्सर' खोड.

काळ्या पट्टेवाल्याला फिरवता येतं म्हणून ते हत्यार होत नाही. त्याच्या हातात लाटणं दिलं तर तेही फिरवेल. तुझ्या प्रशिक्षकाने आणि त्या न्यायाधीशाने लांबी मोजली, झीज कुणी पाहिली का? आपटायच्या काठीची एकच बाजू चपटी झाली असेल, कारण ती जमिनीवर पडते. माणसाच्या डोक्यावर आपटून काठी चपटी व्हायला गावच्या गाव मारावं लागेल. धरायच्या काठीचं बूड बघ. तिथे करवत तिरकी गेली आहे आणि गाठीच्या मधून गेली आहे. लढायला केलेल्या वस्तूचं टोक कुणी असं ओबडधोबड सोडत नाही, ते हाताला टोचतं. ते घाईत केलेलं घरचं काम आहे.

कार्डावर 'अवजार' लिही आणि विषय संपव. भित्तिपत्रकावर विळा टाका, चांगला दिसतो.

मामा


८ मार्च

प्रिय मामा,

बुडाला करवत तिरकी गेली आहे. गाठीच्या बरोबर मधून गेली आहे. मी आत्ता भिंग घेऊन बघितलं.

पण पाठवलेल्या फोटोत ते बूड दिसतच नाही. मी फोटो वरून काढला होता. आणि तुम्ही तर म्हणाला होतात की फोटो नीट आला नाही.

तुम्ही ही वस्तू कुठे पाहिलीत?

टाचणी


२९ मार्च

प्रिय मामा,

तीन आठवडे झाले. तुमचं उत्तर नाही. पोस्टमनला विचारलं, तो म्हणतो पत्रं पोचताहेत.

मी हे भिजत घोंगडं ठेवू शकत नाही. भित्तिपत्रक बारा तारखेला छपाईला जातंय. संचालक म्हणतात, झिजेवरून मत बनतं, पुरावा होत नाही. आपल्याकडे न्यायालयाचा निकाल आहे, त्याच्याविरुद्ध तुमच्या मामांचं पत्र काय कामाचं, असं ते मला विचारतात. त्यांचं चुकीचं नाही.

आणखी एक. काल जेवताना आईला सहज सांगितलं की दोन सारख्या काठ्यांचं एक हत्यार आलंय, जुन्या खटल्यातलं. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "भुशाच्या पोत्यात सापडलेलं?" मी तर पोत्याचं तिला सांगितलंही नव्हतं. मग म्हणाली, "तुझे आजोबा तीन वर्षं परगावी कामाला नव्हते. तुरुंगात होते. आता झोप." आणि भांडी घासायला गेली. मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं, मामा. मी माझ्या आजोबांना भित्तिपत्रकावर छापायला निघाले होते.

आता तरी लिहा.

टाचणी


३ एप्रिल

टाचणे,

तीन वेळा लिहायला बसलो. दोनदा फाडलं. हे तिसरं जसं येईल तसं पाठवतो.

ती काठी मी कापली.

आमच्याकडे शेंगा झोडपायच्या अशा वादीने जोडलेल्या दोन काठ्या होत्या, धरायची लांब आणि आपटायची छोटी. मी एकोणीस वर्षांचा, तुझी आई सात. आम्ही तिला बारकी म्हणायचो. आमची आई हयात नव्हती, त्यामुळे बाबांचं आणि माझं शेपूट धरून ती खळ्यावर असायची. तिचा एकच धोशा, "मला पण, मला पण." लांब दांडा तिला पेलेना. मी म्हटलं, हिला गुडघ्यावर बसून झोडपता येईल असा आखूड करून देऊ. करवत होती, पट्टी नव्हती. मग मी छोटी काठी मोठीच्या शेजारी ठेवली, तिच्याएवढी खूण केली आणि कापलं. सुतार माप असंच घेतो, जे हाताशी असेल ते शेजारी ठेवून. म्हणून दोन्ही सारख्या. न्यायाधीशाला जे मुद्दाम केलेलं वाटलं ते माझ्याकडे पट्टी नसल्यामुळे होतं.

पोरगी खूश. दोन दिवस शेंगांचा भुगा करत होती. तिसऱ्या दिवशी काठी उलटी उसळली आणि भुवईवर बसली. आखूड दांडा असला की उसळून आपल्याकडेच येते, हे मला तेव्हा कळलं नाही. रक्त पुष्कळ आलं, भुवईचं येतंच. बाबांनी तिला उचलून नेलं. मी काठी उचलली आणि तिच्या हाताला परत लागू नये म्हणून माळ्यावर भुशाच्या पोत्यात खुपसली. धुतलीसुद्धा नाही.

चार दिवसांनी बांधावरून शेजाऱ्याशी भांडण झालं. मी तिथे नव्हतो. बाबा म्हणाले, ढकलाढकलीत तो दगडावर पडला. मी शपथ घेऊन सांगू शकत नाही. पण त्या काठीने त्याचं डोकं फुटलं नाही हे नक्की, कारण ती कुठे आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. झडतीत ती मिळाली. सारखी लांबी, टोकाला रक्त, पोत्यात लपवलेली. तिन्ही गोष्टी माझ्या.

मी बाबांना म्हटलं, मी सांगतो. ते म्हणाले, "सांगशील, मग ते विचारतील रक्त कुणाचं? बारकीला बोलावतील. पिंजऱ्यात उभी करतील, जखम दाखव म्हणतील, वकील अंगावर ओरडेल. सात वर्षांची आहे ती. तू गप्प बसायचं." आणि ती कुठे बोलून जाऊ नये म्हणून आम्ही तिला पढवलं, तू उंबरठ्यावर पडलीस. रोज सकाळ संध्याकाळ, उंबरठ्यावर पडलीस.

मी गप्प बसलो. आज्ञा पाळली असं म्हणायला बरं वाटतं. खरं असं आहे की मी घाबरलो होतो. शहरात एका मिस्त्रीने मला कामाला घेतो म्हटलं होतं, आणि बाबांनी गप्प बस म्हटल्यावर मला सुटल्यासारखं झालं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

उरलेला तुकडा मी बरोबर घेऊन गेलो. त्याचाच मोगरीला दांडा केला. डोकं बसवायचं टोक सरळ केलं, बूड तसंच तिरकं ठेवलं. मिस्त्री जन्मभर हसला, एवढा नीटनेटका माणूस आणि स्वतःच्या मोगरीचं बूड वाकडं. मला ते रोज हाताला लागायला हवं होतं.

पार्सलने मोगरी पाठवतोय. त्या काठीच्या बुडाला लावून बघ. अर्धी गाठ तिकडे आहे, अर्धी इकडे असेल. याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

एकच मागतो. बारकीला सांगू नकोस. तिच्या रक्ताने बाप तुरुंगात गेला हे तिने या वयात ऐकायची गरज नाही. एवढी वर्षं सांभाळलंय.

मामा


१० एप्रिल

प्रिय मामा,

मोगरी पोचली. दांडा थोडा आटलाय, तरी बुडाला बूड लावलं आणि अर्ध्या गाठीला अर्धी गाठ भिडली. वर्षांची वलयंसुद्धा सलग जातात. संचालकांनी भिंग हातात घेतलं आणि दोन्ही बुडं पुन्हा पुन्हा जुळवून पाहिली. मग म्हणाले, "भित्तिपत्रकावर विळा टाका." आता मोगरी आणि जोडकाठी एकाच काचेत राहतील, तुमची हरकत नसेल तर.

दुसरी गोष्ट. तुम्ही मागितलंत ते मी केलं नाही. तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं.

तुम्हाला राग येईल. येऊ दे. ती शेवटपर्यंत ऐकत बसली आणि मग म्हणाली, उंबरठ्याचं परत वाच. मी ते दोनदा वाचलं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. काल स्वतःहून संग्रहालयात आली. मी कपाट उघडलं. तिने हातमोजे घालायला नकार दिला, आणि मी पहिल्यांदाच नियम मोडला. ती तिथल्या फरशीवर गुडघ्यावर बसली आणि तिने काठी धरली. दांडा तिच्या हाताला आता फारच लहान आहे.

मी नव्याने लिहिलेलं कार्ड तिला दाखवलं. त्याबद्दल ती तुम्हाला स्वतः लिहिणार आहे म्हणे.

टाचणी


१७ एप्रिल

दादा,

पुष्कळ वर्षांनी तुला पत्र लिहितेय. नमस्कार करायची इच्छा आज नाही, ती नंतर होईल.

तू आणि बाबांनी मला सांभाळलंत असं तू लिहिलंयस. मग काय झालं ते ऐक. मला उंबरठा कधीच आठवला नाही. मला काठी आठवायची. डोळ्यांसमोर काठी, मग रक्त, मग बाबांचे हात. आणि तुम्ही दोघं सकाळ संध्याकाळ उंबरठा, उंबरठा. सात वर्षांच्या पोरीलाही कळतं की मोठी माणसं काहीतरी झाकताहेत. मग पोलीस आले, त्याच काठीने बाबांनी शेजाऱ्याचं डोकं फोडलं म्हणाले. मी माझा हिशेब जुळवला. मला वाटलं, बाबांनी मलाही मारलं होतं, आणि तू त्यांना वाचवतोयस.

दादा, मी हेच धरून मोठी झाले.

ते सुटून आले त्या दिवशी त्यांनी माझ्या भुवईला बोट लावलं. व्रण नीट भरलाय का बघत असतील. मी मान मागे घेतली. मला वाटलं, आपण केलेलं बघताहेत. त्यांनी हात खाली घेतला आणि पुन्हा कधी लावला नाही. त्यांच्या शेवटच्या वेळी तू तार केलीस तेव्हा मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. परीक्षा नव्हती. मला यायचं नव्हतं.

गेले आठ दिवस मी रडतेय. निम्मं बाबांसाठी आणि निम्मं तुझ्यावर चिडून, हे स्पष्ट लिहून ठेवते. तीस वर्षं मी वर्गावर होते. दोन पोरांची मारामारी झाली की कोपऱ्यातल्या सगळ्यांत लहान पोराला आधी विचारायचे, कारण ते खरं सांगतं. मला बोलता येत होतं रे. माझ्या हातून उसळली, मला लागली, एवढंच तर सांगायचं होतं. वकील ओरडला असता तर मी रडले असते आणि घरी येऊन जेवले असते.

तू घाबरलास हे तू लिहिलंस, ते बरं केलंस. त्या एका ओळीमुळे हे पत्र पाठवतेय.

टाचणीने कार्ड छान लिहिलं होतं. 'शेंगा झोडपायचं अवजार. मोठ्या भावाने लहान बहिणीसाठी आखूड केलं. न्यायालयाने हत्यार ठरवलं. टोकावरचं रक्त बहिणीचं आहे.' मी लाल पेनाने शेवटी एक ओळ घातली, आणि संचालक नको म्हणत होते तरी ती राहणार आहे. 'तिला कुणी विचारलं नव्हतं.'

मोगरी तिथेच राहील, तेव्हा तू नवीन दांडा कर, आणि या खेपेला बूड सरळ काप. दालन पाच तारखेला उघडतंय. टाचणी स्टेशनवर घ्यायला येईल, तुला ऐकू येत नाही म्हणून ती हात वर करून उभी राहील. रात्री माझ्याकडे उतर. माझ्या घराला उंबरठा नाही.

बारकी